दोघांचा एक गळा

श्वासनलिकेचं काम काय? हवा आत न्यायची, बाहेर आणायची. त्यासाठी सरळ नळी पुरते, आणि जितकी आखूड तितकी ती सोयीची. मग सारस पक्ष्याच्या श्वासनलिकेनं हा भलताच आडमार्ग का धरावा? लांबलचक मानेतून ती खाली उतरते, छातीशी पोचते, आणि फुप्फुसांकडे वळायचं सोडून उराच्या हाडात शिरते. हो, हाडात! ते हाड तिच्यासाठी आतून पोकळ झालेलं असतं. त्या पोकळीत ती वेटोळं घालते, पुन्हा बाहेर येते आणि मग कुठे फुप्फुसांच्या वाटेला लागते.

क्रौंच कुळातल्या बऱ्याच पक्ष्यांची हीच तऱ्हा. उत्तर अमेरिकेतल्या व्हूपिंग क्रेनची श्वासनलिका उलगडून मोजली तर सुमारे दीड मीटर भरते आणि तिचा जवळपास निम्मा भाग एकट्या उराच्या हाडात कोंबलेला असतो. निसर्ग उगाच असली खटपट करत नाही. हाड पोकळ करायचं, नळी वाढवायची, एकेका श्वासाला जास्तीची वाट चालायला लावायची, या सगळ्याची किंमत पक्ष्याला मोजावी लागते. त्या किमतीत तो विकत काय घेतो?

आवाज!

पक्ष्यांचा आवाज आपल्यासारखा गळ्याच्या वरच्या टोकाला उमटत नाही. श्वासनलिका जिथे दुभंगून दोन फुप्फुसांकडे जाते, त्या अगदी तळाच्या फाट्यावर त्यांचं ध्वनियंत्र असतं. म्हणजे सारसाचा स्वर वेटोळ्याच्या पलीकडे जन्मतो आणि चोचीतून बाहेर पडण्याआधी हाडातली सगळी वळणं फिरून येतो. या प्रवासात त्याचं काय होत असेल? एबट गाँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली याचं जे उत्तर सुचवलं, ते आपल्याकडच्या कुठल्याही गायकाला चटकन पटावं. तानपुऱ्याची तार नुसती हवेत ताणून छेडली, तर तिचा आवाज शेजारच्यालाही धड ऐकू येत नाही. पण तीच तार घोडीवर टेकते, घोडी तबलीवर बसते, तबलीखाली भोपळा असतो, आणि एका बारीकशा तारेच्या थरथरीनं खोली भरून जाते. सारसाच्या उरात घोडीचं काम करतात श्वासनलिकेची हाडाला चिकटलेली कडी. स्वराची थरथर त्या कड्यांमधून हाडात उतरते, हाड घुमू लागतं, आणि हाडामागे पक्ष्याच्या शरीरातल्या हवेच्या पिशव्या असतातच. सारस नुसता गळ्यानं गात नाही. त्याचा सांगाडा गातो.

दुसरंही एक उत्तर आहे, आणि ते पहिल्याला खोडत नाही. नळी जितकी लांब, तितका तिच्यातून येणारा आवाज भारदस्त, भरीव. टेकमसे फिच या संशोधकानं १९९९ साली मांडलं की श्वासनलिका लांबवून पक्षी ऐकणाऱ्यापुढे स्वतःचा आकार मोठा करून दाखवतात. रात्री, धुक्यात किंवा उंच गवताआडून कुणी ओरडलं, तर तो केवढा आहे हे आपण आवाजावरूनच ताडतो ना? तसंच. आणि सारस मुळातच केवढा! जगातल्या उडू शकणाऱ्या सगळ्या पक्ष्यांत तो सर्वांत उंच. मान ताठ करून उभा राहिला की सहा फुटांच्या आसपास भरतो. पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आठेक फूट. राखी अंग, गुलाबीसर लांब पाय, आणि डोकं व मानेचा वरचा भाग पिसांवाचून, लालभडक. विणीचा हंगाम आला की तो लाल रंग आणखी पेटतो. एवढा देह असताना आवाजानं तो आणखी मोठा करायचा!

हा आवाज पिलाला जन्मतः मिळत नाही, हे मला या सगळ्यातलं फार लोभस वाटतं. अंड्यातून बाहेर आलेल्या पिलाची श्वासनलिका सरळच असते आणि त्याचा आवाज असतो बारीक चिवचिवाट. पिलू वाढत जातं, नळी लांबत जाते, हाडात शिरून वळणं घेते. उंचीनं ते आईबापांच्या बरोबरीला येतं तरी आवाज अजून लहानाचाच. मग पहिल्या वर्षाच्या शेवटाकडे कधीतरी त्याचा गळा फुटतो. वयात येणाऱ्या मुलाचा फुटतो, अगदी तसा. काही दिवस धड बारीक नाही, धड भरदार नाही, असं काहीतरी चमत्कारिक बाहेर पडत राहतं आणि मग एके दिवशी तुतारी!

पण तुतारी एकट्यानं फुंकण्यात सारसाला फारसा रस नाही. खरा अचंबा इथून पुढे आहे.

एक सारस दिसला की दुसरा दिसेपर्यंत थांबावं, असं पक्षीनिरीक्षक सांगतात, कारण दुसरा जवळपास असतोच. सकाळच्या उन्हात दोघं पाण्याच्या कडेनं चरत असतात. एक इकडे कंद उकरतोय, दुसरा तिकडे बेडकामागे. मध्येच काय होतं कोण जाणे, दोघं पावलं टाकत जवळ येतात आणि शेजारी शेजारी ताठ उभे राहतात. माना सरळ वर जातात, चोची आभाळाकडे. नर पंख पाठीवर उचलून धरतो. मादीचा पहिला स्वर फुटतो, आखूड, धारदार. लगेच नराचा लांब, खोल स्वर त्यात मिसळतो. तिचे दोन होतात तेवढ्यात त्याचा एक. तिचे दोन, त्याचा एक. लय चुकत नाही, मध्ये फट पडत नाही. लांबून ऐकणाऱ्याला वाटावं की एकच पक्षी ओरडतो आहे, तोही दोन गळे असलेला. शांत पहाटे हा आवाज दोनेक किलोमीटर सहज जातो.

गाण्यातली जुगलबंदी ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की वेगात गाणं एकवेळ जमतं. समोरच्याच्या श्वासाचा अंदाज घेऊन बरोबर त्याच जागी येणं कठीण. त्यासाठी गाता गाता ऐकावं लागतं. सारसाची मादी स्वतःचे स्वर टाकत असताना नराचा स्वर कुठवर आलाय याचं भान ठेवते, आणि नर तिचं. नव्यानं जुळलेल्या क्रौंच जोड्यांचं हे गाणं आधी विस्कळीत असतं. सहवासानं ते घट्ट होत जातं. म्हणजे जोडी किती मुरली आहे हे तिच्या सुरावरून कळतं!

हे गाणं माणसाच्याही कामाला आलं. सारसाचे नर-मादी दिसायला इतके सारखे की शेजारी उभे असले तरी नर कोण, मादी कोण ते सांगणं अवघड. नर थोडा थोराड असतो इतकंच. पण दोघं गायला लागले की भेद उघड होतो: आखूड आणि वारंवार ती, लांब आणि संथ तो. जॉर्ज आर्चिबाल्ड या पक्षितज्ज्ञानं जगभरच्या क्रौंच जातींची ही युगुलगीतं टिपून, त्यांची तुलना करून, कुठली जात कुणाची जवळची नातलग हे शोधलं. कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी याच विषयावर प्रबंध लिहिला. गाण्यावरून घराणं ओळखणं आपल्याला नवं नाही, पण इथे ते शब्दशः खरं आहे.

याच आर्चिबाल्डांची एक हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९७३ मध्ये त्यांनी रॉन सॉई या मित्रासोबत अमेरिकेतल्या बाराबू गावी क्रौंच पक्ष्यांसाठी संस्था काढली. व्हूपिंग क्रेन तेव्हा नामशेष होण्याच्या काठावर होते. १९४१ साली तर उणेपुरे वीसेक पक्षी जगात उरले होते. संस्थेत टेक्स नावाची एक मादी आली. ती माणसांच्या हाती वाढलेली, त्यामुळे स्वतःच्या जातीच्या नराकडे ढुंकूनही पाहत नसे. तिला जोडीदार हवा होता तो माणूस! मग आर्चिबाल्ड तिचे जोडीदार झाले. तिच्या शेजारी खोपटं टाकून राहिले, पहाटे उठून तिच्यासमोर हात पंखांसारखे पसरून उड्या मारल्या, वाकले, नाचले. कारण क्रौंच मादीच्या शरीरात अंडं तयार व्हायचं तर आधी सोबत लागते, नाच लागतो. नराचं बीज कृत्रिम रीतीनं दिलं जात होतं. पण ते रुजायला हवी असलेली सगळी तयारी तिच्या देहात घडवली त्या नाचानं. काही वर्षं अपयशात गेली. १९८२ मध्ये एक अंडं फळलं आणि त्यातून निघालेल्या पिलानं पुढे आपला वंश वाढवला. सोबत आणि नाच या पक्ष्यांच्या शरीरात नेमकं काय करतात, याचा याहून थेट पुरावा कोणता द्यायचा?

आता साहजिक प्रश्न. जोडीनं गायचंच कशाला? प्रेमासाठी, असं उत्तर आपल्या तोंडी आधी येतं आणि ते अगदी चूक नाही. गाण्यानं जोडी जुळून राहते, विणीच्या आधी दोघांची शरीरं एकाच वेळी तयार होतात. पण त्या गाण्यात शेजाऱ्यांसाठी एक ठणठणीत निरोपही असतो: इथे आम्ही दोघं आहोत, ही जागा आमची. सारसाची स्थिरावलेली जोडी आपला टापू वर्षानुवर्षं धरून राहते. पलीकडच्या तळ्यावरची जोडी हे ऐकते आणि तिकडून उत्तर देते. एकट्याचा आवाज आला असता तर शेजाऱ्याला आशा वाटली असती. दोघांचा आवाज एका लयीत आला की समजायचं, घर भरलेलं आहे. म्हणजे सूर जितका जुळलेला, तितकी जमीन सुरक्षित. गाणं, जोडी आणि जमीन या तीन वेगळ्या गोष्टी सारसाच्या आयुष्यात नाहीतच. एक सुटली की उरलेल्या दोन्ही ढासळतात.

आपल्या पूर्वजांचे कान या पक्ष्यांकडे फार आधी लागले होते. नारदीय शिक्षेत सात स्वर सात प्राण्यांच्या आवाजांशी जोडले आहेत: षड्ज मोराचा, पंचम कोकिळेचा, आणि सप्तकाच्या ऐन मध्यावरचा मध्यम क्रौंचाचा. आदिकवी वाल्मीकींच्या तोंडून पहिला श्लोक निघाला तोही क्रौंच जोडीतला एक बाणानं पडल्यावर, मागे राहिलेल्या मादीचा आकांत ऐकून. तो क्रौंच नेमका कोणता पक्षी, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. ज्युलिया लेस्ली या अभ्यासिकेनं १९९८ साली काव्यातली वर्णनं आणि पक्ष्यांच्या सवयी ताडून पाहिल्या आणि कौल सारसाच्या बाजूनं दिला. मलाही तोच पटतो. ज्यानं सारसांची जोडी एकदा गाताना ऐकली आहे, त्याला त्यातला एक स्वर गळून पडला तर काय उरतं हे कल्पनेनंही कळतं.

आणि कान लावून, डोळे लावून बसलेल्यांत एक बादशहाही होता. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जहांगीरनं सारसांची एक जोडी पाळली, त्यांना लैला आणि मजनू अशी नावं दिली आणि त्यांच्या संसाराची रोजनिशीच आत्मचरित्रात लिहून ठेवली. दोन अंडी, मध्ये अठ्ठेचाळीस तासांचं अंतर. रात्रभर मादी अंड्यांवर, नर शेजारी उभा पहाऱ्याला. पहाटे अदलाबदल. चौतीस दिवसांनी पिलू. एवढा मोठा राज्यकारभार सांभाळणारा माणूस पक्ष्याचं घरटं इतक्या बारकाईनं पाहतो, दिवस मोजतो! आजचे अभ्यासक सारसाचा अंडी उबवण्याचा काळ सव्वीस ते पस्तीस दिवसांचा सांगतात. बादशहाची मोजणी त्यात चपखल बसते.

जोडीतला एक मरण पावला की दुसरा अन्नपाणी सोडून जीव देतो, ही समजूत मात्र जरा बाजूला ठेवू. ती सर्वत्र आहे. गुजरातच्या काही भागांत नवपरिणीत जोडप्याला मुद्दाम सारसांची जोडी दाखवायला नेतात. सारस जोडीदाराला धरून राहतो हे खरंच आहे. पण जोडीदार गेल्यावर काही सारस नवी जोडी बांधतात, पुन्हा गातात, पुन्हा अंडी घालतात. मला हे अधिक मोठं वाटतं. नव्या सोबत्याचा श्वास, त्याची लय पहिल्यापासून शिकायची, आधी विस्कळीत गायचं आणि मग पुन्हा एकदा सूर जुळवायचा, हे काय सोपं आहे?

त्याहून मोठा धक्का अलीकडचा. शतकानुशतकं सगळे जोडीबद्दल बोलत आले, आणि २०२२ मध्ये सुहृदम रॉय, स्वाती किट्टूर आणि गोपी सुंदर या अभ्यासकांनी सांगितलं की काही ठिकाणी सारस दोघं नाहीत, तिघं एकत्र राहतात. हजारो जोड्यांच्या नोंदींत अशी त्रिकुटं थोडीच, शंभरात दोनाच्या आतबाहेर. पण ती नुसती योगायोगानं एकत्र चरत नव्हती. तिघं मिळून गात होती! दोघांच्या गाण्याचीच घडण, लय तीच, पट्टी जरा खालची, आणि तिसऱ्याचा स्वर त्यात बरोबर बसवलेला. ही त्रिकुटं बहुतेक अशा जागी दिसली जिथे परिस्थिती बेताची, दोघांच्या बळावर पिलं वाढवणं कठीण. तिथे तिसरा हात कामी येत असावा, असं अभ्यासकांना वाटतं. युगुलगीतात तिसरा गळा घालायचा आणि बेसूर होऊ द्यायचं नाही! वाल्मीकींपासून जहांगीरपर्यंत कुणाच्याही कानाला जे सापडलं नव्हतं, ते हातात ध्वनिमुद्रक घेऊन शेताशेतांतून फिरणाऱ्यांना सापडलं.

शेताशेतांतून, हे मुद्दाम म्हणतो. कारण सारस जंगलात राहत नाही. त्याच्या पायाचं मागचं बोट इतकं लहान आणि इतकं वर असतं की फांदी धरून बसणं त्याला जमतच नाही. घरटं बांधायचं तेही जमिनीवर, उथळ पाण्यात. आणि उथळ पाणी पावसाळ्यात कुठे साचतं? माणसानं धानासाठी बांध घालून अडवलेलं असतं तिथे.

महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात, थोडे शेजारच्या भंडाऱ्यात. वाघनदी आणि वैनगंगा ओलांडली की मध्य प्रदेशातलं बालाघाट. तिथेही त्यांची वस्ती आहे, आणि पक्ष्यांना राज्याची हद्द कुठली माहीत? हा सगळा धानाचा आणि तलावांचा मुलूख. कोहळी समाजातल्या जाणत्यांनी काही शतकांपूर्वी इथे उताराचा, मातीचा अंदाज घेऊन पाळी घातल्या, पाणी अडवलं आणि हजारो लहानमोठे तलाव उभे केले. नवेगावबांध त्यातलाच. मालगुजारी तलाव म्हणतात ते हेच. त्यांच्या काठाची उथळ पाणवठी, आतले कंद, लव्हाळे, देवधान, बेडूक, गोगलगाई, हे सारसाचं बाराही महिन्यांचं ताट. तलावातून पाटानं पाणी बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या शेतात, आलं की तीच त्याची बाळंतखोली.

मृगाचा पाऊस पडून रोवणी आटोपते आणि एके सकाळी शेतकऱ्याला दिसतं की बांधीच्या मधोमध काहीतरी चाललंय. नर-मादी दोघं गवत, लव्हाळे, धानाची रोपंही उपटून एका जागी टाकताहेत. बघता बघता दोन मीटर व्यासाचा ढीग तयार होतो, पाण्यात उभं राहिलेलं बेट. त्यावर दोन पांढुरकी अंडी, एकेक पाव किलोच्या जवळपास वजनाचं. जोराचा पाऊस होऊन बांधीतलं पाणी चढलं की पक्षी घाईघाईनं आणखी गवत आणून घरटं उंच करतात. कुणी फार जवळ आलं तर उठता उठता कडेचं गवत अंड्यांवर ओढून घेतात. पिलू बाहेर आलं की अंड्याची कवचं उचलून लांब नेतात किंवा गिळूनच टाकतात, वास घेत कुणी येऊ नये म्हणून. आणि धोका दिसला की घशातल्या घशात एक हलकी घरघर. ती ऐकताच पिलू जिथे असेल तिथे निपचित पडतं. इतका दणदणीत गळा असलेला पक्षी बाळाशी इतक्या दबक्या आवाजात बोलतो!

आता शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. रोवणीची मजुरी दिलेली, रोपं उपटलेली, आणि महिनाभर त्या कोपऱ्यात निंदण नाही, खत नाही, फवारणी नाही. मनात आणलं तर एका काठीनं प्रश्न मिटतो. पण गोंदियात कित्येक शेतकऱ्यांनी काठी उचलली नाही. उलट ते धुऱ्यावर राखणीला बसले, कुत्री हाकलली, गुरं वळवली, पाहायला येणाऱ्यांना लांब थांबवलं. गावोगावचे सारसमित्र त्यांना साथ देतात, घरटं आहे तिथे नजर ठेवतात. ही राखण फार काही मागत नाही, फक्त लक्ष मागते. पाणी किती चढलं, आज अदलाबदल वेळेवर झाली का, मादी आज बेचैन का आहे. जहांगीरनं ठेवलं तेच अवधान, फरक इतकाच की त्याचं पोट त्या बांधीवर नव्हतं.

तलावांकडेही असंच कुणालातरी लक्ष द्यावं लागतं. मालगुजारी ही जमीनदारीची पद्धत १९५० च्या कायद्यानं गेली, तलाव सरकारजमा झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली देखभाल बऱ्याच ठिकाणी थांबली. बेशरमाची झुडपं माजली, गाळ साठला, पाणवनस्पती गेल्या. अर्जुनी मोरगावच्या भागात ढीवर समाजाच्या लोकांनी, त्यातही बायकांनी, हे उलटं फिरवायला घेतलं. तलावात उतरून बेशरम मुळासकट काढली आणि देशी पाणवनस्पती हातांनी पुन्हा लावल्या. उद्देश मासळी वाढवण्याचा होता. पण वनस्पती परतल्या की किडे येतात, किड्यांमागे मासे, बेडूक, आणि त्यांच्यामागे पाणपक्षी. माणसाच्या ताटाची सोय करता करता पक्ष्यांच्याही ताटाची होते.

तरी आकडा जीव टांगणीला लावणारा आहे. गोंदियात सारस मोजून तीसेकच्या घरात. दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस, पाऊस पक्ष्यांना पांगवण्याआधी, गोंदिया, भंडारा आणि बालाघाट इथली पथकं एकाच वेळी पहाटे आपापल्या पाणवठ्यावर जाऊन मोजणी करतात. एकाच वेळी यासाठी की इकडचा पक्षी उडून तिकडे गेला तर दोनदा मोजला जाऊ नये. इतक्या कमी संख्येत एकेक मृत्यू मोठा असतो. सर्वांत घातक आहेत विजेच्या तारा. एवढा अवजड पक्षी उड्डाण घेताना हळूहळू उंची गाठतो, आणि नेमक्या त्या उंचीवर शेतातून तार गेलेली असते. धुक्यात ती दिसत नाही. उत्तर प्रदेशात झालेल्या अभ्यासातून दिसलं की तिथल्या सारसांपैकी दर वर्षी शंभरातला जवळपास एक तारांवर मरतो. ज्या पक्ष्याला वर्षाला जेमतेम एखादं पिलू मोठं करता येतं, त्याला हे परवडणारं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं विदर्भातल्या सारसांची ही स्थिती स्वतःहून दखल घेऊन ऐकायला घेतली. तारांवर लांबून दिसणाऱ्या खुणा लावणं, त्यांवर आवरण घालणं किंवा त्या जमिनीखालून नेणं, हे उपाय माहीत आहेत, करता येण्याजोगे आहेत, आणि ते दर हंगामात लांबणीवर टाकणं शोभत नाही. कीटकनाशकं आणि मोकाट कुत्री या धोक्यांवरच्या उपायांचंही तेच.

ऐकायला जायचं असेल तर पहाट धरा. उजाडण्याच्या सुमारास पक्षी उथळ पाण्यातल्या रात्रीच्या मुक्कामावरून हलतात. गोंदियातल्या परसवाड्यासारख्या तलावाकाठी, पण काठापासून बरंच मागे, एखाद्या स्थानिक सारसमित्रासोबत थांबा. घरट्याचा फोटो काढायला बांधीत उतरू नका. घरटं कुठे आहे हे कुणाला पाठवूही नका. गाणं सुरू झालं की आधी आखूड स्वर मोजा, ती मादी. मग त्यांत विणला गेलेला लांब स्वर पकडा, तो नर. एकदा हे कानात बसलं की डोळे मिटूनही दोघं वेगळे ओळखू येतात. पलीकडच्या तलावावरून उत्तर आलं तर तिकडची जोडीही मोजून टाका. आणि कधी त्या दोन स्वरांच्या मध्ये तिसरा, लयीत बसलेला ऐकू आला, तर तारीख, वेळ आणि गाव लगेच लिहून घ्या आणि मोजणी करणाऱ्यांपर्यंत पोचवा. त्यांना ती नोंद फार मोलाची वाटेल.